पाच किलोमीटर, पंचवीस मिनिटं

पाच किलोमीटरच्या माझ्या पहिल्या शर्यतीसाठी मी २५ मिनिटांचं लक्ष्य ठरवलं, कारण आकडा सुटसुटीत होता. किलोमीटरला ५ मिनिटं. माझा दम किती, हा विचार त्यात नव्हताच.

आधार होता तो मोबाइलमधल्या नोंदींचा. शिरोली एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर मी सकाळच्या पाळीआधी पळते. तिथं सलग पळणं अवघडच. कुठं कास्टिंगचा ट्रक गेटातून मागं येत असतो, कुठं भंगाराची गाडी वळत असते, आणि रात्रपाळी सुटली की मोटारसायकलींची रांग लागते. मी थांबले की ॲपमधलं घड्याळही थांबायचं. ऑटो-पॉज चालू आहे हे मला माहीत होतं, पण प्रत्येक ट्रकपाशी मला विश्रांती मिळतेय आणि ती नोंदीत येत नाही, हे ध्यानात घेतलं नाही. त्यातही मी हिशेबाला धरला तो सगळ्यात वेगात गेलेला एकच किलोमीटर.

याची खंत जास्त वाटते, कारण मी काम करते फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये. साच्याच्या वाळूत ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो. कमी पडला तर साचा ढासळतो, जास्त झाला तर कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात. एका चांगल्या नमुन्यावर पाळीभराची वाळू मी कधीच पास करत नाही. पळण्याला मात्र तो नियम लावला नाही.

शर्यतीत पहिला किलोमीटर ४ मिनिटं ५० सेकंदांत झाला आणि अगदी हलका वाटला. फसगत इथंच होते. पाय ताजे असतात, आणि वेग झेपत नाही हे कळायला थोडा वेळ जावा लागतो. दुसऱ्या किलोमीटरला शेजारच्या ताईंनी "पहिलीच का?" असं विचारलं, तेव्हा मला नुसतं "हो" म्हणता येईना. तिसऱ्यात बरगडीखाली कळ आली. चौथा बराचसा चालत. एकूण ३३ मिनिटं.

नंतर पीट रीगल या अमेरिकन अभियंत्यानं १९७७ साली मांडलेलं सूत्र समजून घेतलं. अंतर वाढतं त्यापेक्षा वेळ थोडी जास्त वाढते. ३ किलोमीटरवरून ५ चा अंदाज काढायचा तर वेळेला १.७२ नं गुणायचं. ऑटो-पॉज बंद करून, मोकळ्या रस्त्यावर, कुठंही न थांबता मी जोर लावून ३ किलोमीटर पळाले. १८ मिनिटं लागली. म्हणजे पाचाला ३१. पंचवीससाठी तेच ३ किलोमीटर साडेचौदा मिनिटांत व्हायला हवे होते! ही चाचणी शर्यतीच्या दोन आठवडे आधी करायची होती.

युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईनं २०२० मध्ये मोनॅकोला ५००० मीटरचा विश्वविक्रम केला, १२ मिनिटं ३५.३६ सेकंद. ट्रॅकच्या कडेनं धावणारे दिवे त्याला वेग दाखवत होते, आणि किलोमीटरला सरासरी २ मिनिटं ३१ सेकंद पडले. एवढा ताकदीचा धावपटूही सुरुवातीला उधळला नाही.

पुढच्या शर्यतीचा हिशेब मी आताच मांडून ठेवलाय. पहिला किलोमीटर ६ मिनिटं २० सेकंद, मागचे पुढं गेले तरी चालतील. दुसरा ६:१५, तिसरा आणि चौथा ६:१०, शेवटचा ६:०५. पहिल्या दोन किलोमीटरांत शेजारच्याशी एक आख्खं वाक्य बोलता आलं नाही, तर घड्याळ काहीही सांगो, मी वेग कमी करणार आहे.