सांधा

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने नियतकालिकात कविता द्यावी, फार तर आवडत्या कादंबरीवर चार पाने लिहावीत, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र रक्तवाहिनीला नळी कशी जोडतात यावर लिहिणार आहे. हा विषय मी निवडला, असे म्हणण्यापेक्षा तो आमच्या घरात येऊन बसला, असे म्हणणे अधिक खरे. माझ्या बाबांच्या डाव्या दंडात, कातडीखाली, एक पांढरी नळी आहे. तिचे एक टोक रोहिणीला शिवले आहे, दुसरे नीलेला. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस चार तास, त्या नळीत दोन सुया टोचून बाबांचे रक्त यंत्रात नेतात, स्वच्छ करतात आणि परत आणतात. मूत्रपिंडांनी काम सोडल्यावर त्यांचे जगणे त्या नळीवर आहे. नीट सांगायचे तर नळीवर नव्हे, तिच्या दोन सांध्यांवर.

डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या आसपास रक्त लागते. हातावर दिसणाऱ्या साध्या नीलेत एवढा जोर नसतो. रोहिणीत जोर असतो, पण ती खोल असते आणि तिला रोज उठून टोचता येत नाही. यावर न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. मनगटाजवळची रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडून टाकायच्या. रोहिणीचा जोर नीलेत उतरतो, काही आठवड्यांत नीला फुगते, जाड होते आणि सुया सोसू लागते. याला फिस्चुला म्हणतात. बाबांचा पहिला फिस्चुला सात महिने चालला आणि एका रात्रीत बंद पडला. दुसरा मुळी फुगलाच नाही. त्यांच्या नीलाच बारीक. तेव्हा नळी बसवण्याचे ठरले.

ही नळी टेफ्लॉनची, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्याला ज्याचा थर असतो त्याच पदार्थाची. तो ताणून त्याला अतिसूक्ष्म छिद्रे पाडण्याची रीत अमेरिकेत बॉब गोर यांना १९६९ साली सापडली आणि १९७० च्या दशकात त्याच्या नळ्या माणसाच्या शरीरात जाऊ लागल्या. आतला व्यास साधारण ६ मिलिमीटर. तिच्यावर बोटे ठेवली की आत मांजर गुरगुरत असावे तशी थरथर लागते. रोज रात्री निजण्यापूर्वी आई बाबांच्या दंडावर हात ठेवते. थरथर लागली की दिवा मालवते. ती लागली नाही तर तासाभरात इस्पितळ गाठायचे असते, हे तिला कोणीतरी एकदाच सांगितले आहे. पुन्हा सांगावे लागले नाही.

आठ महिन्यांनी थरथर मंदावली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की नळी सहसा बिघडत नाही, सांधा बिघडतो. आणि तोही बहुधा नीलेकडचा. नीलेला रोहिणीच्या जोराची सवय नसते. शिवाय नळी ताठ, शरीराची वाहिनी लवचिक. दोन वेगळ्या स्वभावांच्या वस्तू जिथे मिळतात तिथे प्रवाहात भोवरे उठतात. नीलेच्या आतल्या भिंतीला ते सोसवत नाही. ती स्वतःला जाड करीत जाते आणि वाट अरुंद होते. त्या वेळी फुगा घालून वाट रुंद केली. पुढेही करावी लागेल, असे सांगून ठेवले आहे.

मी हे सारे घरी मराठीत समजावून देत होते. बाबा ऐकून म्हणाले, "म्हंजे उघाडीसारखाच की. पानी नलातून नाय, नलाच्या बाजूनं वाट काढतं." आमच्या बाजूच्या खारजमिनीत समुद्राचे पाणी अडवायला मातीचा बांध असतो आणि पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्यात उघाडी असते. बांध मातीचा, नळ सिमेंटचा. फुटतो तो त्या दोहोंच्या मधल्या फटीतून. म्हणून नळाभोवती पेंढा आणि चिकणमाती पायाने तुडवून बसवतात. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने शल्यशास्त्रातला दीडशे वर्षांचा प्रश्न एका वाक्यात सांगितला, असे मला तेव्हा वाटले. मग मी ग्रंथालयात आणि मोबाईलवर मिळेल ते वाचू लागले. त्यात जे सापडले ते कुठल्याही कादंबरीपेक्षा कमी नाही.

शरीराचे तुकडे सांधण्याची खटपट जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत फाटलेले आतडे मुंग्यांकडून सांधण्याची कृती आहे. मोठ्या काळ्या मुंग्यांना जखमेच्या कडा चावू द्यायच्या आणि मग त्यांचे धड तोडून डोके तसेच राहू द्यायचे. आजच्या चिमट्यांची ती पणजीच म्हणायची. पण आतड्याचे एक आणि रक्तवाहिनीचे एक. रक्त थांबले की गोठते, गळले की माणूस जातो, आणि आत धाग्याचे टोक जरी उघडे राहिले तरी त्यावर गाठ धरते.

१८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लिऑन शहरात सुरा लागला. यकृताकडे जाणारी मोठी नीला तुटली होती. ती शिवता येईल असे तेव्हाच्या शल्यवैद्यांना वाटत नव्हते, कार्नो गेले. त्याच शहरात अलेक्सी कॅरेल नावाचा एक तरुण वैद्यक शिकत होता. त्याने हा प्रश्न धरून ठेवला आणि शिकायला गेला तो कोणाकडे? भरतकाम करणाऱ्या बाईंकडे. मादाम लरूदिए यांच्याकडून त्याने अतिशय बारीक सुई आणि रेशीम हाताळण्याची कला घेतली. १९०२ साली त्याने आपली रीत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ते ओढायचे, की गोलाचा त्रिकोण होतो; मग तीन सरळ बाजू शिवायच्या. सरळ कापड शिवणे गोल शिवण्यापेक्षा सोपे, हे आपल्या आयांना सांगावे लागत नाही. १९१२ साली कॅरेलला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या भरतकाम करणाऱ्या बाईंना काय मिळाले, याचा विचार माझ्या मनात बरेच दिवस राहिला.

पण सगळ्यांचे हात कॅरेलसारखे नसतात आणि टाके घालायला वेळ लागतो. तेवढा वेळ प्रवाह अडवून ठेवायचा म्हणजे पुढच्या अवयवाचा श्वास कोंडायचा. म्हणून शिवण्याऐवजी एखादे साधन बसवता येईल का, याचा शोध शिवणाच्या बरोबरीनेच सुरू झाला. १९०० साली एर्विन पायर याने मॅग्नेशियमची कडी केली. वाहिनीचे टोक कडीतून ओवून बाहेर उलटवायचे, बांधायचे आणि दुसऱ्या वाहिनीत सरकवायचे. कडी पुढे शरीरात विरघळते. दुसऱ्या महायुद्धात ब्लेकमोर आणि लॉर्ड यांनी व्हिटॅलियम धातूच्या नळीला आतून नीलेचे अस्तर लावून ती तुटलेल्या रोहिणीत बसवायची रीत काढली. १९४० च्या दशकात सोव्हिएत रशियात कागदाला पिना मारतो तशा पिना मारून वाहिन्या जोडणारे यंत्र तयार झाले.

जोडायचे कसे, याइतकाच जोडायचे काय, हाही प्रश्न होता. १९४७ साली आर्थर व्हूऱ्हीज या तरुण डॉक्टरला कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी धाग्यावर शरीराने आपणहून गुळगुळीत अस्तर चढवलेले दिसले. धाग्यावर चढते तर कापडावर का चढणार नाही? त्याने कापडाच्या नळ्या शिवून पाहिल्या आणि १९५२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे मायकेल डिबेकी यांनी घरच्या शिवणयंत्रावर डॅक्रॉनच्या नळ्या शिवल्या. दुकानात नायलॉन संपले होते म्हणून त्यांनी डॅक्रॉन घेतले, असे ते स्वतः सांगत. त्यांना शिवण आईने शिकवली होती.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस तर अगदी आपल्या अंगणातली युक्ती आली. कापडी नळीच्या टोकाला खाच असलेली ताठ कडी बसवायची, ती महारोहिणीत सरकवायची आणि बाहेरून फीत आवळून बांधायची. रबरी पाइप तोटीवर चढवून आपण वरून तार आवळतो, तसेच. महारोहिणीची भिंत फाटलेल्या रोग्याच्या बाबतीत हे फार मोलाचे ठरले, कारण ओल्या कागदासारख्या झालेल्या भिंतीत टाका टिकत नाही. १९९० साली ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी मांडीतल्या रोहिणीतून घडी केलेली नळी वर नेऊन आत उघडली. तिला जागी धरायला टाका नाही, धातूची जाळी असते. आजच्या अशा अनेक नळ्यांना बारीक आकडेही असतात.

आपल्या मुंबईतही ही जोडणी शिकण्यासाठी फार मोठी माणसे झटली. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपण केले. दक्षिण आफ्रिकेतील पहिल्या हृदयरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासच जगला. पण एका माणसाच्या हृदयाच्या कडा दुसऱ्याच्या वाहिन्यांना शिवण्याचे धाडस उलव्याच्या खाडीपलीकडे, दिसेल एवढ्या अंतरावर झाले होते. महारोहिणीच्या भिंती सुजून अरुंद होण्याचा जो विकार आपल्याकडे तरुण वयातही आढळतो, त्याचा सेन, किनरे आणि परुळकर या डॉक्टरांनी केलेला अभ्यास जगाने वाचला.

इतकी साधने निघाली, तरी बाबांच्या दंडातला सांधा सुईदोऱ्यानेच शिवलेला आहे. मी डॉक्टरांना कारण विचारले. त्यांनी समजावले की कडी ताठ असते, नाडीबरोबर ती हलत नाही. टाक्यांची ओळ थोडी तरी हलते. कडी ठरावीक मापाची, माणसाची वाहिनी कोणत्याही मापाची. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेले एक जोडसाधन तर आतली वाट अरुंद होऊ लागल्याने काही वर्षांतच मागे घ्यावे लागले. घाईत साधन उपयोगी पडते. टिकण्यासाठी अजून हात लागतो.

हे वाचताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा आमच्या गावाकडे जाते. उलव्याची जमीन विमानतळासाठी गेली, टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह नव्या पात्रात वळवला गेला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, डिसेंबर २०२५ मध्ये विमाने उडू लागली. शेकडो घरे उचलून नव्या भूखंडांवर नेली. नवे रस्ते सरळ आणि रुंद आहेत; नळीत खोट नाही. पण भातशेती आणि खाडीतली मासळी यांवर वाढलेली माणसे पगाराच्या, भाड्याच्या, विक्रीच्या पैशाला जिथे जोडली गेली, तिथे भोवरे उठतात. कोणाच्या घरी गाडी आली, कोणाच्या घरी दारू. एकाएकी आलेल्या जोराची सवय नसलेली बाजू आधी जाड होते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला हे आतून कळते. वर्गात इंग्रजी संदर्भग्रंथ येतो आणि घरी आगरी बोली असते. त्या दोहोंच्या मधली शिवण रोज तपासावी लागते. ती तुटू नये म्हणून गुरुजनांनी जे हात लावले, त्यांची आठवण इथे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

बाबांच्या हातात आता नव्या सांध्याला फारशी जागा उरलेली नाही. पुढे दुसरा हात, नाही तर मांडी. किंवा मूत्रपिंडरोपण. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचे नातलग मूत्रपिंड देऊ शकतात. आईने कोणाला न विचारता आपले नाव दिले. तिच्या तपासण्या चालू आहेत. जुळले तर आईचे मूत्रपिंड बाबांच्या ओटीपोटात ठेवतील आणि तीन सांधे घालतील: एक रोहिणीचा, एक नीलेचा, एक मूत्रनलिकेचा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिऑनमध्ये एका बाईने एका तरुणाला शिकवलेली ती शिवण तिथे लागेल. आईला मी हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "दोरा पक्का असतो ना?"

मी वाचले आहे. पक्का असतो.