गिटार घ्यायचीय? चला धोबी तलावाला!

बोनस खात्यात जमा झाला की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. एक, गोव्याचं तिकीट. दोन, गिटार. गोव्याचं काय, ग्रुपमधला एक तरी जण ऐनवेळी टांग मारतो आणि बेत बोंबलतो. गिटार मात्र एकट्यानं घेता येते. शाळेत असताना सहा महिने शिकलेलो असतो, कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाची तरी ओढून घेऊन चार कॉर्ड्स वाजवलेल्या असतात, आणि तिशी जवळ आली की वाटायला लागतं, बॉस, आता नाही तर कधी?

माझंही तेच झालं. बजेट पंचवीस हजार, हाताशी मोकळा शनिवार आणि डोक्यात एकच शब्द, व्हिंटेज. तो माझ्या डोक्यात घातला आमच्या टीममधल्या एका महाभागानं. त्याच्या मते नवी गिटार म्हणजे कारखान्यातून आलेलं खोकं; खरा आवाज जुन्या लाकडातूनच येतो. दोन महिने लंचला हेच ऐकल्यावर मीही तेच बोलायला लागले होते.

त्यातच कळलं की आमचे सर त्यांची गिटार विकतायत. सर म्हणजे माझे शाळेतल्या वेळचे गिटार टीचर. आम्ही तेव्हा ठाकूरद्वारला राहायचो आणि सर कावेलमध्ये, त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत क्लास घ्यायचे. पुढे आम्ही डोंबिवलीला गेलो आणि गिटार सुटली. आता सर मडगावला लेकीकडे कायमचे चालले होते. सामान कमी करायचं होतं. गिटार जपानी, १९७०च्या आसपासची, त्यांच्या भावानं बोटीवरून आणलेली. म्हणजे व्हिंटेज! तेही ओळखीतलं! मी लगेच फोन लावला. सर म्हणाले, ‘वीस हजार सांगितलेत एका कॅफेवाल्यानं. त्याला भिंतीवर टांगायचीय. तुला हवी तर तू घे. पण आधी दुकानात नवी बघायची, मगच माझी बघायची. मी पण येतो गो.’

मरीन लाइन्सला उतरायचं आणि पूर्वेकडे चालत सुटायचं. काही मिनिटांत मेट्रो थिएटरच्या चौकात पोचता. मेट्रो १९३८ सालचं, समोर जेर महाल, आणि जेर महालच्या खाली १९०४पासूनचं कयानी. मावा केक आणि ब्रून मस्क्यासाठी आपण इथे शंभर वेळा आलेलो असतो, पण मान वर करून कधी बघत नाही. वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावांच्या ‘कुडी’ आहेत. कूड म्हणजे त्या त्या गावच्या माणसांचा क्लब. मुंबईत कामाला आलेल्या गोवेकराला अंग टाकायला जागा, पेटी ठेवायला कोपरा आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना. बोटीवर नोकरी करणारे तारवटी पुढची बोट मिळेपर्यंत इथेच थांबायचे. बँडमध्ये वाजवणारेही इथेच उतरायचे. वाद्यांचा धंदा याच चौकात का रुजला, याचं उत्तर या जिन्यांवर आहे. फुर्टाडोज हे नाव तर १८६५पासूनचं. आणि परदेशी माल सहज मिळत नव्हता त्या काळात मुंबईत चांगली गिटार यायची ती बहुतेक अशाच एखाद्या तारवटीच्या सामानातून. सरांचीही तशीच आली.

सर चौकात उभेच होते. पंच्याहत्तरी उलटलीय, पण शर्ट इन केलेला, खिशात स्टीलची फूटपट्टी. फूटपट्टी कशाला, हे मला संध्याकाळी कळलं.

आता दुकानातला फंडा ऐका. आत शिरल्यावर आपण काय करतो? भिंतीवर नजर टाकतो, रंग आवडलेली उतरवतो आणि सेल्समन वाजवून दाखवतो. तो तर शेंगदाण्याच्या डब्यावरही छान वाजवेल! सरांनी मला पाठ करून उभं केलं. तीन गिटारी घेतल्या आणि तिन्हींवर एकच गोष्ट वाजवली, आधी जाडी तार एकटी, मग साधी जी कॉर्ड, मग तीच कॉर्ड हळू. ‘कुठची?’ मी दुसरी म्हणाले. ती तिघींत मधल्या किमतीची निघाली. सगळ्यात महाग होती तिच्यात नुसती चमक जास्त होती. तुम्ही गेलात तर एखाद्या मित्राला घेऊन जा आणि ही परीक्षा कराच. डोळे मिटले की किमतीची पट्टी दिसत नाही.

मग आवाजाच्या भोकाची कड बघायची. मोबाइलचा टॉर्च लावा. वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली आत उतरताना दिसल्या तर ते एकसंध लाकूड, म्हणजे सॉलिड टॉप. कडेला सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेटेड, साध्या मराठीत प्लायवूड. सॉलिड टॉप जास्त मोकळा बोलतो आणि वाजवत राहिलात तर वर्षागणिक अजून खुलतो, असं वाजवणारे सांगतात. पण प्लायला नाकं मुरडू नका. मुंबईच्या पावसात प्लाय ढिम्म हलत नाही. यामाहाची एफजी १८० ही १९६६मध्ये आलेली गिटार, आतल्या लाल लेबलामुळे आज लोक शोधत फिरतात, आणि ती चक्क प्लायची आहे! माझा टीममधला महाभाग हे ऐकून दोन दिवस बोलला नाही.

बाकी तपासणी पटापट. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, कुठे झणझण येते का बघा. बाराव्या फ्रेटवर जाड्या तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास असली की बोटं तुम्हाला दुवा देतात. लहानपणची माझी गिटार आठवली. तिच्या तारांवर कपडे वाळत घालता आले असते. मला वाटायचं माझ्याच बोटांत दम नाही. सहा महिन्यांत मी गिटार सोडली त्याचं निम्मं कारण ती उंची होती, आणि हे मला वीस वर्षांनी धोबी तलावावर कळलं.

किमतीचं म्हणाल तर नामांकित कंपनीची शिकाऊ गिटार दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे मिळते, आणि सॉलिड टॉप हवा तर वीसच्या आसपास तयारी ठेवा. मला आवडलेली दुसरी एकवीस हजारांची होती. मी ‘संध्याकाळी सांगते’ म्हणून बाहेर पडले.

कयानीत चहा घेताना मी माझं पाठांतर काढलं. व्हिंटेज म्हटलं की जगभर पहिलं नाव येतं मार्टिनचं. १८३३पासूनची अमेरिकन कंपनी, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावची. त्यांची डी ४५ १९३३ ते १९४२ या काळात फक्त ९१ बनली. आज त्यातली एखादी विकायला निघाली तर त्या पैशात आपल्याकडे फ्लॅट येईल. मागच्या बाजूला ब्राझीलचं रोझवूड. ते मिळेनासं झालं तेव्हा, १९६९मध्ये, मार्टिननं दुसरं लाकूड घेतलं. कुठलं माहितीय? भारतीय रोझवूड. म्हणजे शिसव! आपल्या सह्याद्रीतही होणारं, आजीच्या कपाटाचं, देव्हाऱ्याचं शिसव. ब्राझीलच्या रोझवूडच्या व्यापारावर १९९२मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली. तेव्हापासून जगातल्या किती तरी भारी गिटारींच्या पाठीला आपलंच शिसव आहे. सर केक बुडवत ऐकत होते. म्हणाले, ‘छान. पण तू डी ४५ घ्यायला आलीयस का?’

नव्हते आले. पण मध्ये एक वळण घ्यायची हौस होतीच, म्हणून टॅक्सीनं चोरबाजार, मटण स्ट्रीट. ग्रामोफोनचे कर्णे, सिनेमाची पोस्टर्स, बोटीवरची घड्याळं, फोटोग्राफरला स्वर्ग. गिटारी दोन दिसल्या. एक ‘सौ साल पुराना’ म्हणून नऊ हजारांना. सरांनी ती बंदुकीसारखी डोळ्याशी धरून शेवटाकडून नेकवर नजर टाकली आणि न बोलता माझ्या हातात दिली. नेक पिळलेल्या टॉवेलसारखा. वाकलेला नेक आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून बऱ्याचदा सरळ करता येतो. पीळ पडलेला येत नाही. शंभर वर्षांची तर ती नव्हतीच. आतल्या लेबलावर पिनकोड होता. पिनकोड आपल्याकडे १९७२मध्ये आला!

तिथून कावेल. जिना तोच, अंधारही तोच. खोलीत अर्धं सामान खोक्यांत गेलेलं. सरांनी पलंगाखालून केस ओढली, उघडली, आणि तो वास आला. जुनं लाकूड, थोडं मेण, थोडी कपाटातली गोळी. मी शिकले ती हीच गिटार. माझी वाजत नसली की सर ही माझ्या हातात द्यायचे.

मी जी कॉर्ड धरली. काय सांगू! दुकानातल्या एकवीस हजारांच्या गिटारीला हिच्यासमोर खोकला झाल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, ‘सर, घेतली.’

‘थांब,’ म्हणाले. ‘दुकानात केलंस ते सगळं इथं कर.’

केलं. पाठीला एक चीर, जुनी, नीट चिकटवलेली. चालेल. फ्रेट्सना खाचा पडलेल्या, बदलता येतात. ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघायचं, ते आत गेलं तर ब्रिज सुटायला लागलाय असं समजा. कार्ड जरासं गेलं. मग मी पाचव्या फ्रेटच्या पुढे वाजवायला गेले आणि बोटं थांबली. बाराव्या फ्रेटवर तार चार मिलिमीटरच्या वर होती. सरांनी खिशातली फूटपट्टी काढून माझ्या हातात दिली. ती फ्रेट्सवर आडवी नाही, उभी, नेकच्या लांबीनं ठेवायची आणि ब्रिजकडे सरकवायची. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला अलगद टेकलं तर नेकचा कोन ठीक. माझी पट्टी ब्रिजच्या पोटावर जाऊन आपटली. वरची पांढरी पट्टी, सॅडल, घासून घासून आधीच कागदाएवढी उरलेली. म्हणजे उंची कमी करायला काहीच शिल्लक नाही. तारांचा ताण पन्नास वर्षं नेकला पुढे ओढत होता, आणि दर पावसाळ्यात दमट हवेनं लाकूड फुगत होतं. यावर इलाज एकच, नेक वाफेवर सोडवून, कोन बदलून पुन्हा बसवायचा. तो करणारे कारागीर आहेत, पण मोजके. आणि मी नंतर चौकशी केली तेव्हा खर्च गिटारच्या सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघाला.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘बारा वर्षं झाली. म्हणून तर पहिल्या तीन फ्रेट्सवरच शिकवतो.’ मग जरा वेळानं, ‘कॅफेवाल्यानं वाजवून पण नाही बघितली. त्याला देताना काही वाटणार नाही. तू विचारलंस म्हणून बोलावलं. घेशील?’

खोलीत वीस हजारांची गरज होती, ते खोक्यांवरून दिसत होतं. मला त्या क्षणी हो म्हणणं सोपं होतं. पैसे होते, भावना होती, वासही होता. पण मग मी तीन फ्रेट्सची गिटार घरी आणली असती आणि सहा महिन्यांत पुन्हा सोडली असती, आणि या वेळी सरांच्या नावावर. मी नाही म्हणाले. शब्द बाहेर पडायला वेळ लागला. सरांनी केस बंद केली आणि म्हणाले, ‘चल, दुकान आठपर्यंत उघडं असतं.’

एकवीस हजारांची घेतली. उरलेल्या पैशांत तारांचा जादा सेट, जाड अस्तराची बॅग, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. हे मीटर घ्याच. लाकडाला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के मानवतं, आणि जुलैत माझ्या डोंबिवलीच्या बेडरूममध्ये ते पंच्याऐंशी दाखवतं. गिटार भिंतीवर लटकवू नका, बाहेरच्या भिंतीवर तर अजिबात नाही. बॅगेत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. रात्रभर एसी आणि दिवसभर बंद खोली हा चढउतार तिला सर्वांत वाईट. आणि जुनी घ्यायचीच असेल तर घ्या हो, पण दुरुस्तीचा खर्च किमतीत धरून भाव करा, आणि स्टीलची फूटपट्टी न विसरता न्या.

सर मे महिन्यात कोकणकन्येनं गेले. कॅफेवाल्याला त्यांनी शेवटी नाहीच दिली. तारा सैल करून, केस मांडीवर आडवी धरून बसले होते, मी सीएसएमटीला सोडायला गेले तेव्हा. पहिल्या पावसात त्यांचा फोन आला. ‘पुड्या बदलल्यास?’ बदलल्या, म्हणाले. ‘आणि तारा गंजल्या का?’

नाही गंजल्या. रोज पुसतेय, वाजवून झाल्यावर.