‘डोकं नाही’ असं म्हणू नका

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही यावलला एका कार्यालयात कारकुनी करतो आणि संध्याकाळी सात ते नऊ वस्तीतल्या विहारात मुलांची अभ्यासिका चालवतो. नववीतली एक मुलगी चार दिवस आली नाही म्हणून तिच्या घरी गेलो. आई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "भाऊ, तिला आता माझ्यासंगं निंदणीला नेते. सहामाहीत तीन विषय गेले. तिला डोकंच नाही." मुलगी दाराआड मान खाली घालून उभी होती.

हे वाक्य आम्हीही ऐकलेले आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एका विषयात नापास झालो. वह्या सहा-सहा वेळा वाचल्या होत्या, लाल पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या, आदली रात्र जागून काढली होती. पेपरात प्रश्न पाहिला आणि वहीचे ते पान डोळ्यांपुढे आले, पण पानावरचा मजकूर काही आला नाही. घरी येऊन आम्हीच म्हणालो, आपल्याला डोकं नाही.

त्या माउलीला आम्ही विचारले, "ताई, तुमच्या टोळीत बाया किती?"

"अकरा."

"त्यांची हजेरी कोण लिहितं?"

"लिहिता कोणाला येतं? माझ्या तोंडी असते." आणि तिने सोमवारपासूनची हजेरी सांगितली. कोण आली, कोणाचा अर्धा रोज, कोणी किती उचल घेतली, सगळे.

"एवढं ध्यानात कसं राहतं?"

"रोज घरी येताना वाटेनं म्हणत येते. सोमवारपासून सगळं. चुकलं तर बाया तिथंच सांगतात."

बंधू-भगिनींनो, स्मरणशक्तीचे शास्त्र जे सांगते, ते ही बाई केळीच्या बागेतून येताना रोज करत होती.

जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस या संशोधकाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले निम्म्याहून अधिक तासाभरातच निसटते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला दिसले. म्हणजे विसरणे हा मेंदूचा स्वभाव आहे, मुलाचा दोष नव्हे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चारही फेऱ्यांत वाचला, काहींनी एका फेरीत वाचून तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आमची चूक इथेच होती. आम्ही डोक्यात भरत राहिलो, बाहेर काढून कधी पाहिलेच नाही.

आपल्या परंपरेलाही हे ठाऊक होते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी उपदेश आणि उपालींनी विनय तोंडी म्हणून दाखवला, असे परंपरा सांगते. पुढे काही शतके भिक्खूंनी एकत्र पठण करून ते जपले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लिहून निघाले. अंगुत्तर निकायाची तर रचनाच एकापासून अकरापर्यंतच्या आकड्यांवर आहे, म्हणजे काही सुटले तर कळावे. आणि आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले.

अभ्यासिकेत आम्ही त्या मुलीला आईचीच रीत लावली. धडा एकदा समजून वाचायचा, पुस्तक मिटायचे, आठवेल तेवढे पाटीवर लिहायचे, मग पुस्तक उघडून चुका पाहायच्या. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, पुन्हा न बघता. लांब यादी असेल तर तीन-चारचे गट करायचे. मोबाईलचा दहा आकडी नंबर आपण असाच तोडून सांगतो. नवे ज्ञान जुन्या ओळखीला बांधायचे. काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन १९३६ साली फैजपूरला झाले, हे तिच्या ध्यानात राहीना. "तुझ्या मामाचं गाव कोणतं?" विचारले. फैजपूरच निघाले! ते साल ती आता विसरत नाही. शेवटची गोष्ट, रात्री झोपायचे. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. जागरण केले की तेच काम अडते.

पहिले आठ दिवस ती रडकुंडीला आली. पाटीवर दोनच ओळी यायच्या. वाचताना सगळे येते असे वाटते, आठवताना आपले उणे दिसते, म्हणून ही रीत जड जाते. पण टिकते तीच. वार्षिक परीक्षेत ती पहिली आली नाही. सगळे विषय मात्र सुटले, गणित काठावर. आज ती दहावीत आहे आणि निंदणीला फक्त आईच जाते.

पालकांना आमची एकच विनंती आहे. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. रात्री जेवण झाल्यावर टी.व्ही. आणि मोबाईल बंद करा, मुलाला जवळ बसवा आणि विचारा, "आज काय शिकलास? पुस्तक न बघता सांग." तो अडखळला तर हसू नका, मारू नका, थांबा. आणि ‘तुला डोकं नाही’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. पिढ्यान्‌पिढ्या ते आपल्याला दुसऱ्यांनी ऐकवले. निदान आपण तरी ते आपल्या लेकरांना ऐकवू नये.