आमची हातगाडी

सात वर्षे आमच्याकडे एक हातगाडी होती. केळी अथवा भाजी विकणाऱ्याची नव्हे. चार दारांची, पांढऱ्या रंगाची, पेट्रोलवर चालणारी अल्टो. परंतु तिला पायांची गरज नसे, ती सर्वस्वी हातांनी चाले, म्हणून आमच्या घरात तिला हे नाव पडले होते. सरकार-दरबारी तिचे नाव निराळे होते. २०१८ साली तिची नोंदणी झाली तेव्हा वर्गाच्या रकान्यात ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असे छापून आले. ज्या शब्दाचा शिक्का कचेरीत आम्ही दिवसभर इतरांच्या अर्जांवर मारतो, तोच आमच्या गाडीच्या कपाळी पाहून आम्हांला गंमत वाटली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातून तो शब्द गेला व त्याच्या जागी ‘अडॅप्टेड व्हेइकल’ आला; आमच्या कागदावर मात्र जुनाच राहिला.

ही गाडी विकण्याचा प्रसंग आम्हांवर २०२५ च्या ऑक्टोबरात आला. कारण आमचा डावा खांदा. आमच्या दोन्ही पायांना १९९१ साली, म्हणजे देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू होण्याच्या चार वर्षे आधी, ताप येऊन गेला, आणि तेव्हापासून पायांचे काम आमचे हातच करीत आले आहेत. आधी कुबड्या आणि मग गाडी. गाडीत उजव्या हाताखाली एक दांडा होता. पुढे लोटला की ब्रेक, मागे ओढला की वेग. क्लच डाव्या हाताकडे, गिअरच्या दांडीवरच, जुन्या स्कूटरला असे तशी मूठ. दिल्लीच्या गर्दीत रामकृष्णपुरम् ते केंद्रीय सचिवालय एवढ्या प्रवासात ती मूठ किती वेळा दाबावी लागते हे आम्ही कधी मोजले नाही. खांद्याने मात्र मोजले होते. डॉक्टरांनी सांगितले, आपोआप गिअर बदलणारी गाडी घ्या, नाही तर कुबडीलाही हात उरणार नाही.

नवी गाडी घेणे सोपे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. आम्हांला २०१८ साली हाच अठराचा दर मिळाला होता. पण त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पाच वर्षे गाडी न विकण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले होते. आता तो सर्वांनाच मिळाला. कोणाचेही पाय न तपासता!

कठीण होते ते जुनी गाडी विकणे. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो, ही एक गोष्ट. दुसरी, आमच्या गाडीला मोटारी विकणाऱ्यांच्या दृष्टीने व्यंग होते. करोलबागेतील एका दलालाने इंजिन ऐकले, टायर पाहिले, मान डोलावली, आणि मग दार उघडून दांडा पाहताच त्याचा चेहरा वधूपरीक्षेत मुलीचे पाऊल वाकडे दिसल्यासारखा झाला. “हे सगळे काढावे लागेल,” तो म्हणाला, आणि त्याने एका दमात तीस हजार कमी केले. ज्या वस्तूसाठी आम्ही २०१८ साली पंचवीस हजार मोजले, तिच्यामुळे आता तीस हजार वजा! तेव्हा दलालाचा नाद सोडून गाडी आपणच, माणूस पाहून विकावी, असे आम्ही ठरवले.

आमच्या मंडळातील एक निवृत्त अवर सचिव ह्या विषयातील अधिकारी पुरुष. त्यांनी दोन उपदेश केले. पहिला असा की गाडी शक्यतो आपल्या मराठी माणसाला विकू नये; पुढची वीस वर्षे गणेशोत्सवात तो भेटेल आणि आरती चालू असता तुमच्या कानाशी येऊन कार्ब्युरेटरची तक्रार करील. (गाडीला कार्ब्युरेटर नाही, हे आम्ही त्यांना सांगितले नाही.) दुसरा उपदेश मात्र सोन्याच्या मोलाचा होता. चाव्या दिल्या म्हणजे गाडी विकली गेली असे समजू नका, ते म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून फॉर्म २९ व ३० वर सह्या, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत, चावी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, आणि विक्रीची खबर विकणाऱ्याने स्वतः चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला देणे. हे झाल्याखेरीज झोपू नये. परक्या राज्यात गाडी जाणार असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला, आणि मुदत पंचेचाळीस दिवसांची. आमच्या वाचकांपैकी अनेकांची बदली होत असते व गाड्या राज्याराज्यांतून फिरतात, म्हणून हा उपदेश येथे जसाच्या तसा उतरवला आहे.

मग माणसे येऊ लागली. वस्तुतः दांडा पेडललाच जोडलेला असल्यामुळे पायांच्या माणसालाही ती गाडी चालवता येई, नुसते दांड्याकडे दुर्लक्ष केले की झाले. परंतु लोकांना दुर्लक्ष करणे जमत नाही. एकाच्या गुडघ्याला तो लागला. एकाला गाडी बेकायदेशीर वाटली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध जो निर्णय दिला होता त्याची त्याला आठवण होती. अपंगांच्या गाडीतील बदलाला त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातच जागा करून दिली आहे, हे आम्ही त्याला कलम काढून दाखवले. कलम दाखवल्यावर तर त्याचा संशय अधिकच पक्का झाला. एक जोडपे आले. गृहस्थांना गाडी पसंत पडली होती. त्यांच्या पत्नीने दांड्याकडे पाहिले, मग आमच्या कुबड्यांकडे पाहिले, आणि नवऱ्याच्या कानाशी लागून काही सांगितले. आम्हांला ऐकू आले नाही, पण कळले. नव्या संसाराला अशी गाडी नको, इतकेच ते होते. राग आला नाही म्हणणे खोटे होईल.

शेवटी दोन गिऱ्हाइके उरली. एक आमच्याच मंडळातील गृहस्थ. दांडे काढून गाडी ‘साफ’ करून द्यावी, दोन लाख वीस हजार रोख देतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरे मुरादाबादहून आले. एक तेवीस वर्षांची मुलगी, तेथील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि तिचे वडील, पितळी भांड्यांवर नक्षी कोरणारे कारागीर. २००२ साली उत्तर प्रदेशात पोलिओची मोठी साथ आली होती. ही मुलगी त्या सालातली. आनंदविहारला बस सोडून रिक्षाने आली होती, आणि आमच्याचसारखी दोन कॅलिपर बांधलेली. त्यांच्याजवळ एक लाख साठ हजार होते. ताणून ताणून एक लाख पंचाहत्तरपर्यंत आले.

पंचेचाळीस हजारांचा फरक. आमचे मूळ वेतन महिन्याला बत्तीस हजार तीनशे आहे हे सांगितले म्हणजे त्या फरकाचे वजन वाचकांच्या ध्यानात येईल. त्या रात्री आम्ही हिशेब मांडला, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला दूरध्वनीही केला. तो म्हणाला, एका तासाचे काम आहे. फक्त खालच्या पत्र्याला चार भोके राहतील, ती बुजवून देतो. आम्ही त्याला रविवारची वेळ देऊन टाकली. हे आम्ही लपवून ठेवू शकलो असतो.

त्या चार भोकांची गोष्ट आमच्या मनातून जाईना. ती पाडली गेली तेव्हा आम्ही तेथेच स्टुलावर बसलो होतो. गाडी तयार झाल्यावर पंधरा दिवसांनी आई मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने आली. तिला आणायला आम्ही निजामुद्दीनला गेलो, एकटेच, गाडी घेऊन. आईने आम्हांला सात वर्षांचे होईपर्यंत कडेवर घेऊन शाळेत पोचवले होते. पुढे भाऊ, मग मित्र, मग रिक्षावाले. आयुष्यभर आम्ही नेले जात होतो. त्या दिवशी प्रथमच आम्ही कोणाला तरी नेत होतो. आई पुढच्या आसनावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. आश्रम चौकातील गर्दीत तिने एकदाही रस्त्याकडे पाहिले नाही. ती आमच्या उजव्या हाताकडे पाहत होती. घराशी आल्यावर म्हणाली, “दमला असशील.” एवढेच.

तरीही, आम्ही त्यागाच्या भावनेने निर्णय घेतला असे कोणी समजू नये. दांडे काढायचे म्हणजे गाडीचा वर्ग पुन्हा बदलून घ्यायचा, त्यासाठी चौदा दिवसांत खबर, तपासणी, नोंदणी कार्यालयाच्या दोन खेपा, आणि तेथील जिन्याला कठडा एकाच बाजूला. सत्कृत्याला आळसाचा हातभार फार मोठा असतो. सौभाग्यवतींनी मात्र कोणताही हिशेब केला नाही. मुरादाबादच्या मुलीने जाताना विचारलेला प्रश्न त्यांनी आम्हांला फक्त पुन्हा ऐकवला: “सर, पावसात खिडकी लावून घेता येते ना?” ती तोवर बाजूला चाके लावलेल्या स्कूटरवरून शाळेत जात होती. आम्हीही कधी काळी तशाच स्कूटरवरून, जानेवारीच्या धुक्यात, मागे सौभाग्यवतींना बसवून गेलो आहोत. मिस्त्रीची रविवारची वेळ आम्ही रद्द केली. मंडळातील गृहस्थ अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. अवर सचिवांचा पहिला उपदेशही खरा ठरला.

परंतु गाडी देऊन भागणार नव्हते. मुलीला गाडी चालवता येत नव्हती, आणि येणार तरी कशी? अशा परवान्याची चाचणी आपल्याच बदललेल्या गाडीवर द्यावी लागते. शिकवणाऱ्या शाळांकडे तशी गाडी नसते. आणि शिकल्यावाचून गाडी घेणे म्हणजे पोहायला येण्याआधी विहीर विकत घेणे. आम्हांलाही २०१८ साली मिस्त्रीनेच एका रिकाम्या मैदानात शिकवले होते. म्हणून इसार घेतल्यावर तिने शिकाऊ परवाना काढला आणि तीन रविवार ती वडिलांबरोबर आली. सकाळी सहाला वसाहतीतील मागचा रस्ता मोकळा असे. ती चालकाच्या जागी, आम्ही शेजारी, हात हँडब्रेकवर; वडील पाठीमागे डोळे मिटून.

दांडा आमच्या हाताच्या मापाचा होता. तिचा हात आखूड, म्हणून ब्रेक लावताना ती पुढे झुके आणि तोल जाऊन वेगच ओढला जाई. पहिल्या रविवारी आम्ही दूधकेंद्राच्या कट्ट्याला थोडक्यात चुकलो. दुसऱ्या रविवारी मिस्त्रीला बोलावून दांडा चार बोटे अलीकडे घेतला. आमच्या बसण्याच्या जागी बसून दुसऱ्या कोणाच्या हाताला तो दांडा बरोबर आलेला पाहणे विचित्र होते. आता ती गाडी आम्हांला चालवता आली नसती. तिसऱ्या रविवारी तिने चढावर गाडी थांबवली, क्लचची मूठ सावकाश सोडली, आणि गाडी मागे न सरकता पुढे निघाली. वडिलांनी डोळे उघडले होते.

ते गृहस्थ फार कमी बोलत. पण दांड्याच्या टोकाचा काळा प्लास्टिकचा गोळा ते पुन्हापुन्हा अंगठ्याने चाचपून पाहत. सात वर्षांच्या घामाने आणि घर्षणाने तो एका बाजूने सपाट झाला होता. “बाबूजी,” ते म्हणाले, “इथे तुमचा तळवा बसला आहे.” त्यांना झिजलेल्या वस्तू वाचता येत असाव्यात.

नोव्हेंबरात ना-हरकत दाखला मिळाला. चावी दिली, पावतीवर वेळ लिहिली: दुपारचे बारा वाजून वीस मिनिटे. मुलीच्या हाती पक्का परवाना नव्हता म्हणून तिचा भाऊ आला होता. तो पायांनी गाडी चालवीत घेऊन गेला. दांडा नुसता हलत होता. सरकारी नोकराने दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीच्या जंगम वस्तूची विक्री एका महिन्यात कळवावी, असा १९६४ च्या वर्तणूक नियमांतील अठरावा नियम आहे. त्याप्रमाणे आम्ही कळवली. खरेदीदाराशी आपला सरकारी कामानिमित्त काही संबंध आहे काय, ह्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिले.

नव्या गाडीत क्लच नाही. तरी लाल दिवा दिसला की डावा हात आपोआप मूठ शोधू लागतो, व काही न सापडल्याने मांडीवर पडून राहतो. खांदा बरा आहे.

नोंदणी तिच्या नावे झाल्याचा कागद एकेचाळिसाव्या दिवशी आला. त्याच आठवड्यात रजिस्टर टपालाने मुरादाबादहून एक लहानशी डबी आली. तिच्यात जुन्या साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेला आमचा तो झिजका काळा गोळा होता, आणि सोबत मुलीचे चार ओळींचे पत्र: अब्बांनी दांड्याला पितळी मूठ बसवली आहे, वेलबुट्टी कोरून, परवाना मिळाला, परवा पाऊस झाला, शाळेत वेळेवर पोचले. गोळा आम्ही कचेरीत नेला आहे. पंख्याने कागद उडतात, त्यांवर ठेवायला बरा पडतो. सपाट बाजू खाली केली म्हणजे घरंगळत नाही.