पाथरीचे घराणे आणि चौलचे बंदर

वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला, तेव्हा अरबी समुद्रातला व्यापार आधीपासूनच भरभराटीला आलेला होता. त्याच्या जवळपास तीस वर्षे आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. दख्खनच्या सुलतानांना लढाईसाठी घोडे लागत आणि ते होर्मुझ व अरबस्तानातून चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत येत. इथून मुख्यतः सुती कापड बाहेर जाई. युरोपियनांनी हा व्यापार शोधून काढला, असे म्हणण्यापेक्षा ते तोफा घेऊन त्यात शिरले, असे म्हणणे अधिक खरे.

मराठवाड्याचा या कथेशी संबंध अहमदनगरच्या निजामशाहीतून येतो. परभणीजवळच्या पेडगावहून मनमाडच्या दिशेने निघाले की पुढे मानवत रोड हे स्टेशन लागते, आणि तिथून पाथरी फार दूर नाही. निजामशहांचे पूर्वज या पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाण निजामशहाने वडिलोपार्जित गाव म्हणून तिच्यावर हक्क सांगितला आणि १५१८ च्या सुमारास ती जिंकून घेतली. गोदाकाठच्या या घराण्याचे मुख्य बंदर होते चौल.

मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त व दीवच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो तिथे मारला गेला. बापाने त्याच वर्षअखेरीस दाभोळ जाळले आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवजवळ सूड उगवला. १५१० मध्ये गोवा पडले. चौलला मात्र पोर्तुगीज निजामशहाच्या संमतीने आले: १५१६ मध्ये वखार, १५२१ मध्ये किल्ला. बुऱ्हाणला विजापूरवर मात करायची होती आणि घोडे हवे होते. सौदा त्या घटकेला शहाणपणाचाच वाटला असणार.

खरी मेख होती परवान्यात. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नसलेले जहाज समुद्रात लुटीचा माल ठरे. परवान्यावर जहाज, नाखवा, माल, मुक्काम यांची नोंद असे, आणि पोर्तुगीजांच्या नाक्यावर जकात भरावी लागे. लिस्बनहून मार्च-एप्रिलला निघालेली मोजकी जहाजे पावसाळा सरता सरता गोव्याला लागत आणि मिरी घेऊन डिसेंबर-जानेवारीत परतत. आशियातल्या आशियात चालणाऱ्या देवघेवीच्या मानाने हा व्यापार लहानच होता. त्यामुळे पोर्तुगीजांच्या उत्पन्नात इतरांच्या व्यापारावरील वसुलीचा वाटा मोठा होता.

निजामशाही आणि पोर्तुगीजांच्या या संबंधातून एक गोष्ट मात्र निर्विवाद चांगली निघाली. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा बुऱ्हाणवर उपचार करायला अहमदनगरला जाई. तिथल्या हकिमांशी झालेल्या चर्चांची छाप त्याच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथावर आहे. हा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि १५६७ मध्ये लॅटिनमधून युरोपभर पोचला.

पुढे हा सलोखा मोडला आणि १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने चौलला आणि अली आदिलशहाने गोव्याला एकाच वेळी वेढा घातला. चौल महिनोन्‌महिने लढले. समुद्राकडून रसद थांबवता आली नाही, त्यामुळे १५७१ मध्ये तह करावा लागला. निजामशाही सरदारच दारूच्या लाचेला भुलून रात्री किल्ल्यात अन्न पोचवत होते, असा फिरिश्त्याचा आरोप आहे. तो खरा असो वा नसो, जमिनीवरची फौज कितीही मोठी असली तरी आरमाराविना बंदर घेता येत नाही, हे दिसून आले. आरमाराचे महत्त्व ओळखून ते उभारले शिवाजी महाराजांनी, जवळपास नव्वद वर्षांनी.

पुढे लिन्सखोटेनसारख्या डच प्रवाशांनी गोव्यात राहून मिळवलेली माहिती हॉलंडात छापली आणि इंग्रज (१६००) व डच (१६०२) कंपन्या याच समुद्रात उतरल्या. १६६८ मध्ये मुंबई इंग्रज कंपनीकडे आली आणि चौलचा व्यापार तिकडे सरकत गेला. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पुढच्या वर्षी चौलही त्यांच्या हाती आले, पण तोवर बंदराचे महत्त्व ओसरले होते. पोर्तुगीज चौलचा तट आज रेवदंड्याला उभा आहे. अलिबागला जाणाऱ्या परभणीकरांनी तो जरूर पाहावा.