टिटवीचे घरटे आणि माझा कॅमेरा

बंदुकीने पाखरू मारणारा निर्दय आणि कॅमेऱ्याने त्याचे चित्र घेणारा दयाळू, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. ती समजूत एका टिटवीने घालविली. ही हकीकत माझ्या भूषणाची नाही. परंतु जो शिक्षक मुलांच्या चुका रोज तांबड्या शाईने दाखवितो, त्याने वर्षातून एकदा तरी आपली स्वतःची चूक उघड करावी, या हेतूने ती येथे लिहीत आहे.

आमचे लोहारा गाव यवतमाळ शहराला लागूनच आहे. गावापलीकडे माळावर एक लहानसा पाझर तलाव आहे. शहराला पाणी पुरविणाऱ्या निळोणा किंवा चापडोह या धरणांशी त्याची तुलना करता येणार नाही. पण पाखरांना लहानमोठेपणाची पर्वा नसते. हिवाळ्यात तेथे चोचीवर पिवळे टोक व तांबडे ठिपके मिरविणारी हळदीकुंकू बदके येतात, लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात चरतात, आणि अंगाने मुठीएवढी टिबुकली क्षणात बुडी मारून भलतीकडेच वर येते. ही टिबुकली घरटे सोडताना आपली अंडी ओल्या शेवाळाने झाकून जाते आणि पिले झाली की त्यांना पाठीवर घेऊन पोहते. अशी दृश्ये पाहून मला चित्रे घेण्याचा छंद जडला. पगारातून पैसे शिल्लक टाकून मी लांब पल्ल्याच्या भिंगाचा कॅमेरा विकत घेतला आणि सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तळ्याकाठी जाऊ लागलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखाचे दिवस होते. तळ्याचे पाणी आटून काठाला मुरमाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. तेथे एका विद्यार्थ्याला टिटवीचे घरटे सापडले. घरटे कसले, उकरलेली उथळ खळगी व भोवती मांडलेले खडे! त्यात मातकट रंगाची, काळ्या डागांची चार अंडी होती. टिटवी उंचवट्यावर अंडी घालील तर पाऊस भरपूर पडेल, असा ठोकताळा आपले शेतकरी बांधतात, हे आपणांस ठाऊकच आहे.

शाळेच्या वार्षिक अंकासाठी एक उत्तम चित्र मिळणार, या आनंदात मी दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तीन विद्यार्थ्यांसह तेथे गेलो. चित्रात आडवे येणारे वाळके झुडूप मी उपटून टाकले, दोन धोंडे बाजूस सारले आणि अगदी जवळ ठाण मांडले. टिटवी आक्रोश करीत डोक्यावर घिरट्या घालू लागली. मग थोड्या अंतरावर उतरून, एक पंख लोंबता ठेवून, ती लंगडत चालू लागली. मी मुलांस म्हणालो, “पाहा, आज बाईसाहेब कशा रंगात आल्या आहेत!” तासाभरात मी शंभरावर चित्रे घेतली. ऊन डोक्यावर आले तेव्हा आम्ही घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो तो खळगी रिकामी. जवळच अंड्याच्या टरफलाचे दोन तुकडे पडले होते आणि पळसावर कावळे बसले होते. मी म्हणालो, “काय करावे! कावळ्याची जातच तशी.” त्यावर गावातल्याच एका शेतमजुराचा मुलगा हळूच म्हणाला, “सर, कावळे तर इथं रोजच असतात. पण परवापर्यंत त्यांना अंडी दिसली नव्हती.”

या वाक्याला मजजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

त्यानंतर मी जे पुस्तक आधी उघडावयाचे ते नंतर उघडले. टिटवी अंड्यांवर बसते ती केवळ ऊब देण्यासाठी नव्हे. आपल्या वैशाखात तिचे मोठे काम सावली देण्याचे असते. नर व मादी पाळीपाळीने बसतात. पाण्याशी जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड राखतात. तापलेल्या मुरमावर अंडी उघडी राहिली तर आतला जीव भाजून निघतो. लंगडण्याचे ते सोंग शत्रूला घरट्यापासून दूर नेण्यासाठी असते. म्हणजे मी ज्याला रंगात येणे म्हटले, तो एका आईचा जिवावरचा प्रयत्न होता, आणि त्या प्रसंगातला शत्रू मी होतो. कावळ्यांनी अंडी नेली नसती, तरी त्या तासाभराच्या उन्हाने काय केले असते, हे प्रभूच जाणे.

आपल्या देशाच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या करताना पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच धरले आहे. बंदूक हाती न घेता मी शिकारी ठरलो होतो! याहून जास्त लाज मला पवित्र शास्त्राने आणली. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, वाटेवर सापडलेल्या घरट्याविषयी नियम आहे. पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेल्या आईला धरण्यास मोशेच्या नियमशास्त्राने मनाई केली आहे. आणि हा नियम पाळणाऱ्यास कल्याणाचे व दीर्घायुष्याचे जे अभिवचन दिले आहे, तेच आईबापांचा मान राखणाऱ्यासही दिलेले आहे. इतक्या लहान आज्ञेला इतके मोठे अभिवचन! हा भाग मी स्वतः प्रार्थनेच्या तासाला मुलांस वाचून दाखविला होता.

या कलेचा आरंभ ज्यांनी केला त्यांत इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्याचे रिचर्ड व चेरी किअर्टन हे बंधू अग्रेसर होते. त्यांनी 1892 साली पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि 1895 साली घरट्यांवरील आपले सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. पाखरांनी बुजू नये म्हणून बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्याच्या पोकळ पोटात ते कॅमेरा घेऊन लपत. पोळ्याला बैल सजविणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. त्या काळी भिंगे आखूड होती, म्हणून जवळ जाणे त्यांना भाग होते. आज ती अडचण उरलेली नाही. उरला आहे तो आपला उतावळेपणा.

पुढच्या वर्षी टिटवीने पुन्हा त्याच पट्ट्यात अंडी घातली. या वेळी आम्ही काही नियम ठरविले. घरट्याकडे पाऊल टाकावयाचे नाही. उन्हे चढण्यापूर्वी जाऊन लवकर परतावयाचे. काडी वा खडा हलवावयाचा नाही. पाखरू ओरडू लागले तर आपण चुकलो असे समजून मागे सरावयाचे. आणि जागा कोणास सांगावयाची नाही. बांधावरच्या बाभळीखाली आम्ही चौघे मुकाट्याने बसत असू. एके सकाळी टिटवी पाण्यातून आली, ओल्या पोटाने अंड्यांवर बसली, आणि तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. तिने आमची दखल न घेणे हाच आम्हांला आमचा गौरव वाटला.

महिन्याभराने पिले निघाली. ती जन्मतःच डोळस व लवधारी असतात आणि थोड्याच वेळात आईमागे धावू लागतात. मी चित्र घेतले तेवढ्यात वर घार दिसली. आईने इशारा दिला आणि तीनही पिले जमिनीला चिकटून दिसेनाशी झाली. चित्रात एक लहानशी टिटवी आहे व बाकी सारा मुरूम आहे.

ते चित्र आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावले आहे. पालक मंडळी येतात व विचारतात, “यात पिले कोठे आहेत?” ती मलाही दाखविता येत नाहीत, पण ती तेथे आहेत, आणि त्या दिवशी ती तेथेच सुखरूप राहिली. पहिल्या वर्षीची शंभर चित्रे अतिशय स्पष्ट आली होती. त्यांतील एकही मी भिंतीवर लावले नाही.

विद्यार्थीमित्रहो, आता घरोघरी फोन आहेत आणि प्रत्येक फोनात कॅमेरा आहे. पाखरांची चित्रे अवश्य घ्या. सृष्टी न्याहाळणे हीही देवाची एक उपासना आहे. मात्र चित्र घेऊन परत फिराल तेव्हा मागे वळून एवढेच पाहा, की आई पुन्हा घरट्यावर येऊन बसली आहे ना?