चिमटेवाला

आमच्या क्लबला नाव नव्हतं. पावती नाही, फलक नाही, अध्यक्ष नाही. बोईसरच्या एमआयडीसीत नोकरीला असलेले पाच-सहा साहेब, एक दातांचे डॉक्टर आणि मी. मी तेव्हा नववीत. रविवारी मंडळी दोन गाड्यांतून मुरब्याला यायची, डिकीतून पंख काढून रबर बँडने विमानाला बांधायची आणि ओहोटीच्या घट्ट वाळूवरून ती रेडिओची विमानं उडवायची. गाव हसायचं. बोंबील सुकत घालणाऱ्या बायका मात्र खूश. "यांना रोज बोलवा रे, कावळा फिरकत नाही!"

मला क्लबात घेतलं ते पाण्यामुळे. पहिल्यांदा हे लोक आले पौर्णिमेला, भर बारा वाजता. वाळूच नाही, समुद्र सुरूच्या मुळांशी. मी म्हटलं, "काका, तिथी बघून यायचं ना!" तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला तांबडं फुटताना यायचं, पाणी लांब गेलेलं असतं. अष्टमीची ओहोटी दुपारी, पण ते भांगाचं पाणी, फारसं हटत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. डॉक्टरांनी डायरीत लिहून घेतलं. मला केवढा भाव आला! मग दर शनिवारी शेजाऱ्यांकडे फोन यायचा, "उद्या पाणी किती वाजता?" सकाळचा मतलई पडून खारा वारा सुटायच्या मधे थोडा वेळ हवा अगदी गप्प होते, हेही मीच सांगितलं. विमानं उतरवायला ती वेळ सोन्यासारखी.

इंधन मिथेनॉल आणि एरंडेलाचं. एरंडेल म्हणजे आजीने नाक दाबून पाजायची वस्तू. पण इंजिनात जळालं की त्याचा वास असा गोड की मी मुद्दाम धुराकडे उभा राहायचो.

माझं काम चिमट्यांचं. त्यांचे रेडिओ ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत. ११ ते ६० असे चॅनल, आणि रेडिओत त्या नंबरचा क्रिस्टल. एकाच नंबरचे दोन रेडिओ एकदम सुरू झाले, की विमान कुणाचंच ऐकत नाही. म्हणून फळीवर नंबर टाकलेले कपड्यांचे चिमटे. आपला चिमटा घ्यायचा, ॲन्टेनाला लावायचा, मगच रेडिओ सुरू. फळी माझ्या ताब्यात. चिमटे आईच्या दोरीवरचे.

एका रविवारी डॉक्टरांचं विमान खाडीवर होतं. ४२ चा चिमटा त्यांच्याकडे. तेवढ्यात एक नवे साहेब आले, मोठ्या हुद्द्याचे. फळीकडे न बघता त्यांनी रेडिओ काढला. मागे ४२ लिहिलेलं मला स्पष्ट दिसलं. ओरडायला तोंड उघडलं, पण "सर" एवढंच आलं, तेही घशातच. त्यांनी बटण दाबलं. विमानाने मान झटकली आणि नाक खाली करून सरळ खाडीत. सात महिने खपून बाल्सा लाकडात बांधलेलं विमान.

तुकडे बाबांनीच बोटीतून आणले. रात्री मी त्यांना खरं सांगितलं. म्हणाले, "पुढे खडक दिसला, तर तांडेल कोण नि खलाशी कोण, बघत बसतोस काय?" बस, एवढंच. जेवले आणि झोपले.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनाही सांगितलं, "मला दिसलं होतं." ते खारं पाणी गेलेल्या इंजिनात एरंडेल सोडत बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फळी माझ्या हातात दिली. "जोरात ओरडता येतं ना?"

त्याच दिवशी मोठ्या साहेबांचा हात परत बटणाकडे गेला. "सर, हात काढा!" अख्ख्या किनाऱ्याने ऐकलं. बायका किती हसल्या! साहेब लाल झाले, पण मुकाट्याने फळीशी आले. नंतर कधी चुकले नाहीत, हेही सांगायला हवं.

पुढे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले, चिमट्यांचं काम संपलं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत हल्लेखोर समुद्रातून आले आणि सगळ्या किनाऱ्यावर पहारा बसला. वर तारापूरचं अणुवीज केंद्र. किनाऱ्यावर रिमोटची विमानं उडवणं बरं दिसेना. गाड्या आधी महिन्याने आल्या, मग आल्याच नाहीत. कुणी निरोपसुद्धा घेतला नाही. आता तर गावात बंदराचीच चर्चा असते.

बाकीचे चिमटे आईने दोरीवर परत नेले. ४२ चा मी ठेवलाय. शनिवारी अजून कालनिर्णय काढून तिथी बघतो.